घाण्याचे आंबवण आणि अखंड आंबवण : पोषक द्रव्ये तयार करणारे सूक्ष्मजंतू व त्यांची दोन प्रकारची राहणी

रात्री विरजण लावून झाकून ठेवलेला दुधाचा मटका आणि गोठ्यात बसून रवंथ करणारा बैल या दोहोंत मूलतः एकच क्रिया चालू असते, असे सांगितल्यास पुष्कळांस नवल वाटेल. दोन्ही ठिकाणी डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्मजंतू आपले अन्न खात असतात, वाढत असतात आणि आपल्या उद्योगातून मनुष्याच्या अथवा जनावराच्या पोषणास उपयोगी अशी द्रव्ये निर्माण करीत असतात. या क्रियेस शास्त्रात किण्वन म्हणतात; आपल्या घरगुती भाषेत तिला आंबवणे म्हणतात. फरक आहे तो काम चालविण्याच्या रीतीत. मटक्यातील काम सकाळी संपते. बैलाच्या पोटातील काम तो जिवंत असेपर्यंत संपत नाही.

वर्धा जिल्ह्यात, नागपूर-वर्धा लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) आणि तिच्या आसपासच्या गावांत हा विषय केवळ पुस्तकी नाही. हा कापूस, सोयाबीन, तूर यांचा मुलूख आहे आणि वर्धा जिल्हा हे गवळाऊ जातीच्या गुरांचे मूळ घर आहे. येथील गोठ्यात कुटार आहे, ढेप आहे, कोठे मुरघासाची पिशवी आहे, कोठे गोबरगॅसची टाकी आहे. या सर्वांचे नफा-नुकसान आंबवणाच्या दोन रीतींतील भेद समजण्यावर पुष्कळ अंशी अवलंबून असते. आणि पोळ्याच्या सुमारास तर काही बैलांचे प्राणही त्यावर अवलंबून असतात.

दोन रीती

पहिल्या रीतीत सर्व माल एकदम भांड्यात भरावयाचा, त्यात जंतूंचे बी टाकावयाचे, काम पुरे होईपर्यंत वाट पाहावयाची, नंतर भांडे रिकामे करून धुवावयाचे व पुन्हा भरावयाचे. कढईत भजी अथवा पुऱ्या तळताना एक घाणा काढून दुसरा घालतात, तसाच हा प्रकार असल्याने त्यास घाण्याचे आंबवण म्हणण्यास हरकत नाही. दही, आंबिल, इडलीचे पीठ आणि मुरघास हे सर्व या प्रकारात मोडतात.

दुसऱ्या रीतीत भांडे कधीच पूर्ण रिकामे होत नाही. एका बाजूने ताजा माल थोडा थोडा येत राहतो आणि दुसऱ्या बाजूने तितकाच तयार माल बाहेर पडतो. आतील जंतूंची संख्या, आंबटपणा व उष्णता जवळजवळ एका पातळीवर राहतात. हे अखंड आंबवण होय. बैलाचे कोठीपोट आणि रोज शेण घालून चालविलेली गोबरगॅसची टाकी ही त्याची आपल्या परिचयाची उदाहरणे आहेत.

घाण्याच्या रीतीत जंतूंचे आयुष्य चार अवस्थांतून जाते. विरजण पडल्यावर प्रथम काही काळ काहीच घडत नाही असे वाटते. जंतू नव्या जागेशी जुळवून घेत असतात. नंतर त्यांची वाढ झपाट्याने होते. जो जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतो, तो ही गती टिकल्यास १० तासांत वीस वेळा दुप्पट होऊन एकाचे दहा लाखांहून अधिक होतात. परंतु ही गती टिकत नाही. दुधातील साखरेचे लॅक्टिक आम्ल होत जाते, आंबटपणा वाढतो आणि जंतू स्वतःच निर्माण केलेल्या आम्लात अडखळतात. वाढ थांबते, हीच तिसरी अवस्था. दही लागलेले असते ते याच वेळी. ते तसेच उबेत राहू दिले तर अधिक आंबट होते व जंतू मरू लागतात. गृहिणी दही वेळेवर थंड जागी हलविते, ती चौथी अवस्था लांबविण्यासाठीच.

अखंड रीतीत कौशल्य असे की जंतूंस सतत दुसऱ्या अवस्थेत, म्हणजे भर तारुण्यात, ठेवावयाचे. ताजे अन्न येत असल्याने उपासमार नाही आणि आम्ल बाहेर जात असल्याने गुदमर नाही. या रीतीचे गणित १९५० साली पॅरिसमध्ये जाक मोनो यांनी आणि अमेरिकेत नोविक व झिलार्ड यांनी स्वतंत्रपणे मांडले. ते दिसते तितके अवघड नाही. समजा, १०० लिटरचे पात्र आहे आणि त्यात ताशी १० लिटर ताजा माल येऊन तितकाच बाहेर पडतो. बाहेर पडणाऱ्या मालाबरोबर जंतूही जातात. तेव्हा आतील जंतूंनी जितके गेले तितके भरून काढले पाहिजेत. चांगल्या ढवळलेल्या पात्रात हा हिशेब असा निघतो की, जे जंतू सुमारे ७ तासांत किंवा त्याहून लवकर दुप्पट होतात ते टिकतात. त्याहून संथ वाढणारे हळूहळू वाहून जातात आणि काही दिवसांनी पात्रात नुसते पाणी व न आंबलेला माल राहतो. पुरवठा वाढविला म्हणजे उत्पन्न वाढते, हा समज येथे एका मर्यादेपर्यंतच खरा आहे. ती मर्यादा ओलांडली की उत्पन्न कमी न होता एकदम बुडते.

बैलाचे कोठीपोट

गाय, बैल, म्हैस, शेळी यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील पहिला व सर्वांत मोठा तो कोठीपोट. सामान्य बांध्याच्या बैलाच्या कोठीपोटात ८० ते १०० लिटर किंवा त्याहून अधिक माल मावतो. आत सुमारे ३९ अंश सेल्सिअस उष्णता असते, हवेतील प्राणवायू जवळजवळ नसतो, आणि रसाच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे हजार कोटी जीवाणू असतात. शिवाय त्यांहून मोठे, केसाळ दिसणारे एकपेशीय प्राणी असतात व तंतुमय भाग फोडणाऱ्या बुरशाही असतात. कोणत्याही कारखान्याने इतकी मिश्र वस्ती इतकी वर्षे एकाच टाकीत सुखाने नांदविलेली नाही.

या टाकीची मांडणी पाहण्यासारखी आहे. ताजा माल म्हणजे वैरण. ती दिवसातून अनेक वेळा येते. ढवळण्याचे काम कोठीपोटाच्या भिंती करतात. त्या साधारण मिनिटास एक ते दोन वेळा आकुंचन पावतात. आम्ल मारण्याचे काम लाळ करते. तिच्यात खाण्याच्या सोड्याच्या जातीचे क्षार असतात आणि मोठ्या जनावराच्या तोंडातून दिवसास १०० लिटरपर्यंत, कधी त्याहूनही अधिक, लाळ पोटात उतरते. रवंथ करताना ती विशेष सुटते. म्हणून बैल निवांत बसून रवंथ करतो तो वेळ वाया जातो असे मानणे बरोबर नव्हे. त्या वेळी टाकीत सोडा पडत असतो. तयार झालेली मेदाम्ले, म्हणजे मुख्यतः अ‍ॅसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक, ही पोटाच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात आणि जनावरास लागणाऱ्या शक्तीचा दोन तृतीयांशांच्या आसपास भाग त्यांतूनच मिळतो. वायू ढेकरेवाटे बाहेर जातो. उरलेला रस व बारीक झालेला चारा पुढील कप्प्यांत वाहतो.

येथे वर सांगितलेले गणित लागू पडते. कोठीपोटातील पातळ रस साधारणपणे अर्ध्या ते एका दिवसात बदलतो. मग दिवसभरात जेमतेम दुप्पट होणारे ते एकपेशीय प्राणी वाहून का जात नाहीत? कारण ते आणि तंतू फोडणारे जंतू जाडसर वैरणीच्या थरास चिकटून राहतात, व हा थर एक ते तीन दिवस आत राहतो. कडब्याचे जाड तुकडे आणि कुटार हे जंतूंस लटकण्याची जागा देतात. सर्व चारा पिठासारखा दळून दिला तर थर बनत नाही, रवंथ कमी होते, लाळ कमी सुटते आणि टाकीचा तोल जातो. कडबा कापून द्यावा, तो दळू नये, याचे कारण हे आहे.

आता पोषक द्रव्यांची गोष्ट. रसाबरोबर वाहून गेलेले जंतू चौथ्या पोटात मरतात व त्यांचे शरीर पचते. त्या शरीरात चांगल्या प्रतीची प्रथिने असतात. वैरणीवर जगणाऱ्या जनावरास लागणाऱ्या अमिनो आम्लांपैकी निम्म्याहून अधिक या जंतूंच्या शरीरांतून मिळतात. बैल कुटार खातो हे खरे. पण तो जगतो पुष्कळसा कुटारावर वाढलेल्या जंतूंवर. याशिवाय ब गटातील सर्व जीवनसत्त्वे हे जंतू तयार करतात. म्हणून प्रौढ गुरांच्या आंबोणात ही जीवनसत्त्वे बाहेरून घालण्याची सामान्यतः गरज पडत नाही. लहान वासराचे कोठीपोट मात्र चालू झालेले नसते. त्यास ती दुधातूनच मिळावी लागतात. चीक व दूध कमी पाजून वासरू लवकर चाऱ्यास लावण्याची घाई करणारे हे विसरतात.

या जीवनसत्त्वांत ब-१२ चे स्थान वेगळे आहे. ते वनस्पती बनवीत नाहीत, प्राणीही बनवीत नाहीत. केवळ काही जंतूच बनवितात, आणि त्यासाठी त्यांस कोबाल्ट या धातूचा अत्यल्प अंश लागतो. ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत भरपूर गवत असूनही गुरे व मेंढ्या खंगून मरत असत. १९३५ च्या सुमारास तेथील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की जमिनीत कोबाल्टचा अभाव हे त्याचे कारण आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व १९४८ साली शुद्ध रूपात वेगळे करण्यात आले व त्याच्या केंद्रस्थानी कोबाल्ट असल्याचे दिसले, तेव्हा कोडे सुटले : कोबाल्ट जनावरास कमी पडत नव्हते, त्याच्या पोटातील कारागिरांस कमी पडत होते. मोठ्या जनावरास रोज ३० ते ५० ग्रॅम क्षारमिश्रण आंबोणातून द्यावे असे सांगतात, त्यामागे असलेल्या कारणांपैकी हे एक आहे.

मनुष्याच्या मोठ्या आतड्यातही ब-१२ बनविणारे जंतू आहेत. परंतु ते जीवनसत्त्व शोषून घेणारा आतड्याचा भाग त्यांच्या आधी येऊन जातो, त्यामुळे त्या कमाईचा आपणांस उपयोग होत नाही. शाकाहारी कुटुंबास ब-१२ मिळण्याचा मुख्य मार्ग म्हणजे दूध, दही व ताक, आणि त्यांत ते आले गाईच्या कोठीपोटातून. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाहण्यांत खेड्यांतील व शहरांतील पुष्कळ लोकांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी असल्याचे आढळले आहे. घरातील सर्व दूध विकून मुलांस कोरा चहा देणाऱ्या कुटुंबांत ग्रामसेवकाने ही गोष्ट अवश्य सांगावी.

पोळ्याचे दिवस

अखंड आंबवणाचा तोल बिघडला म्हणजे काय होते, हे श्रावणी अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकास पाहावयास मिळते. वर्षभर कुटार व कडबा खाणाऱ्या बैलास पोळ्याच्या दिवशी मोठ्या प्रेमाने ठोंबरा, पुरणपोळी, कणकेचे गोळे, भात हे घास एकामागून एक घरोघरी भरविले जातात. कोठीपोटातील वस्ती तंतू फोडण्यास सरावलेली असते. तीत पिठूळ अन्नावर झपाट्याने वाढणारे काही जंतू थोड्या संख्येने असतातच. त्यांस एकदम मेजवानी मिळते. ते तासाभरात कितीतरी पट होतात व लॅक्टिक आम्ल ओतू लागतात, तेच जे दह्यात असते. रसाचा आंबटपणा दर्शविणारा सामू एरवी ६ ते ७ असतो. तो ५ च्या आसपास किंवा खाली उतरतो. तंतू फोडणारे जंतू मरतात. भिंतींचे आकुंचन थांबते. रवंथ थांबते, म्हणून लाळ थांबते. पुढे वाहणे थांबते, म्हणून आम्ल तेथेच साचते. थोडक्यात, अखंड चालणाऱ्या टाकीचा एका रात्रीत दह्याचा मटका होतो. मटक्यातील दही खाता येते. बैलाच्या पोटातील दही त्याच्या रक्तात उतरते.

लक्षणे साधारण १२ ते २४ तासांत दिसतात. बैल चारा सोडतो, रवंथ करीत नाही, सुस्त होतो. डावी कूस फुगलेली व आत पाणी हिंदकळल्यासारखी लागते. शेण पातळ, आंबूस वासाचे, कधी त्यात न पचलेले दाणे असतात. पुढे तो अडखळत चालतो व बसतो तो उठत नाही. पाहण्याची सोपी रीत अशी : डाव्या कुशीच्या खळग्यात मूठ दाबून धरावी. निरोगी जनावरात दोन मिनिटांत दोन-तीन वेळा आतून उचल जाणवते. ती मुळीच जाणवली नाही तर उपचारास विलंब करू नये. दाणे व पीठ ताबडतोब बंद करून कोरडा कडबा पुढे ठेवावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास किंवा १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकास कळवावे. खाण्याचा सोडा पाजण्याचा उपाय योग्य आहे. परंतु त्याचे प्रमाण जनावराच्या वजनावर ठरते, आणि आडव्या पडलेल्या बैलास बळजबरीने पाजलेले पाणी फुफ्फुसात जाऊ शकते, म्हणून तो पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच करावा. तेल पाजून वाट पाहत बसणे या आजारात घातक ठरते.

बरे होणाऱ्या बैलास पशुवैद्यक कधी कधी निरोगी जनावराच्या कोठीपोटातील रस नळीने देतात. ते औषध नसून विरजण आहे. मेलेल्या वस्तीच्या जागी नवी वस्ती बसविण्याचा तो उपाय आहे.

प्रतिबंध मात्र फार सोपा आहे. सणाच्या दिवशी सकाळी बैलास प्रथम पोटभर कडबा अथवा कुटार घालावे. गोडधोड व शिजविलेले धान्य हे मूठ-दोन मुठीने, मानापुरते द्यावे. घरोघरच्या दारात मिळणाऱ्या घासांचा हिशेब बैल धरणाऱ्याने ठेवावा. आंबोणात धान्य वाढवावयाचेच असेल तर ते दहा ते पंधरा दिवसांत थोडे थोडे वाढवीत न्यावे, म्हणजे वस्तीत योग्य तो बदल होण्यास अवधी मिळतो. पाडव्याच्या तान्ह्या पोळ्याबद्दल सिंदीची मोठी ख्याती आहे. त्या दिवशी मुलांच्या लाकडी नंदीपुढे कितीही पुरणपोळ्या ठेवल्या तरी चिंतेचे कारण नाही. आदल्या दिवशीच्या जिवंत बैलाबाबत ती सोय नाही.

युरियाबाबतही हाच नियम आहे. कोठीपोटातील जंतू युरियातील नत्रापासून आपली प्रथिने बनवू शकतात, म्हणून युरिया-मळीची चाटण वीट निकस कुटाराबरोबर उपयोगी पडते. परंतु जंतूंची पकडण्याची गती ठरलेली असते. त्याहून जलद नत्र सुटले तर त्याचा अमोनिया रक्तात जातो व जनावर काही तासांत दगावू शकते. खताच्या गोणीतील युरिया अंदाजाने आंबोणात मिसळणे, उपाशी जनावरास तो देणे, किंवा सहा महिन्यांखालील वासरास चाटू देणे, हे तिन्ही कटाक्षाने टाळावे.

मुरघास : उत्तम घाणा

मुरघास हे घाण्याच्या रीतीचे शेतावरील सर्वांत मोठे उदाहरण होय. मका किंवा ज्वारीचे दाणे चिकात असताना ते पीक कापून, सुमारे दोन ते तीन सेंटिमीटर लांबीचे तुकडे करून, खड्ड्यात अथवा पिशवीत दाबून भरतात व हवाबंद करतात. आत उरलेला प्राणवायू संपला की दह्यातल्याच कुळीचे जंतू वाढतात, आम्ल बनते, सामू ४ च्या जवळपास येतो आणि सर्व क्रिया आपोआप थांबते. दीड महिन्यात मुरघास तयार होतो व हवा न लागल्यास पुढे कित्येक महिने टिकतो. कोठीपोटात जे आम्ल बैलास मारते तेच येथे चाऱ्यास राखते. येथे घाणा थांबावा हाच हेतू असल्याने अखंड रीत येथे निरुपयोगी आहे.

मुरघासाने चाऱ्यात नवे पोषण येते असा एक समज पसरलेला दिसतो. तो खरा नाही. मुरघास असलेले पोषण राखतो; वाढवितो असे नव्हे. त्याची किंमत चैत्र-वैशाखात कळते. पिशवी उघडल्यावर रोज पृष्ठभागाचा एक सलग थर काढून पुन्हा घट्ट झाकावे. मध्येच हात घालून खड्डा पाडल्यास हवा आत शिरते व बुरशी धरते. बुरशी धरलेला भाग जनावरास घालू नये. नव्याने मुरघास सुरू करताना तोही आठवडाभरात हळूहळू वाढवावा, कारण आम्ल असलेला हा घाणा शेवटी त्याच अखंड टाकीत पडावयाचा असतो.

कारखान्यांनी कोणती रीत निवडली

अखंड रीतीत भांडे धुण्यात, भरण्यात आणि जंतू जागे होण्याची वाट पाहण्यात वेळ जात नाही. तेव्हा कारखानदारांनी तीच सर्वत्र स्वीकारली असेल, असा तर्क कोणीही करील. प्रत्यक्षात तसे झालेले नाही. कोंबड्यांच्या खाद्यात घालावयाचे लायसिन हे अमिनो आम्ल, ब-२ आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे बहुतांशी घाण्याच्याच रीतीने किंवा तिच्या एका सुधारलेल्या प्रकाराने तयार होतात. महाराष्ट्रात पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला. तेथे पेनिसिलीन आंबविण्यासाठी उभारलेल्या मोठ्या टाक्याही घाण्याच्याच रीतीच्या होत्या.

याचे कारण जंतूंच्या स्वार्थात आहे. १९५७ साली जपानमधील किनोशिता व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लुटामिक आम्ल भरपूर बाहेर टाकणारा एक मातीतील जंतू प्रसिद्ध केला. पुढे त्याच्याच निवडक वाणांपासून लायसिन मिळू लागले. असा वाण स्वतःस लागते त्याहून कितीतरी अधिक लायसिन बनवितो. हा त्याच्यावर भारच असतो. कोट्यवधी जंतूंत एखादा असा निपजतो की जो हा भार टाकून देतो. तो हलका झाल्याने लवकर वाढतो. घाण्याच्या रीतीत दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी होते, त्यामुळे त्यास डोके वर काढण्यास वेळ मिळत नाही. अखंड रीतीत मात्र आठवड्यांमागून आठवडे मिळतात आणि निंदण न केलेल्या शेतात तण माजावे त्याप्रमाणे हे आळशी जंतू टाकी व्यापतात. बाहेरचा परका जंतू शिरला तरी हेच होते. घाणा नासला तर एक घाणा जातो. अखंड टाकी नासली तर सर्व काम थांबते. घरातील विरजण वर्षभर तेच ते वापरले की दही बुळबुळीत किंवा कडवट लागू लागते, व शेजारून नवे विरजण आणावे लागते, त्याचे मूळही पुष्कळदा हेच असते.

आणखी एक कारण आहे. काही द्रव्ये जंतू वाढत असताना बनवीत नाहीत. वाढ संपत आली म्हणजे बनवितात. ब-२ बनविणारी एक बुरशी अशीच आहे. अखंड रीत जंतूंस सदैव तारुण्यात ठेवते. ज्या मालास पिकलेपणाची गरज आहे तो तिच्यात कसा मिळावा? ब-१२ साठी वापरल्या जाणाऱ्या जंतूंच्या एका कुळास प्रथम हवेविना वाढवून नंतर हवा द्यावी लागते, म्हणजे एकाच घाण्यात दोन ऋतू करावे लागतात.

सुधारलेला प्रकार असा की टाकी घाण्यासारखीच भरावयाची, पण साखर एकदम न टाकता थेंबाथेंबाने पुरवीत राहावयाची. एकदम साखर मिळाली तर पावाचे यीस्ट वाढण्याऐवजी मद्यार्क बनविते. पुरवून दिली तर शरीर वाढविते. ठोंबरा एकदम न घालता मुठीने घालण्याचाच हा न्याय आहे.

याउलट, जेथे जंतूचे शरीर हाच माल असतो तेथे अखंड रीत शोभून दिसते. आळशी जंतू निपजला तरी तो शरीर तर देतोच. इंग्लंडमध्ये १९८५ पासून विकल्या जाणाऱ्या ‘क्वॉर्न’ नावाच्या खाद्याची बुरशी उंच टाक्यांत अखंड वाढविण्यात येते. तरीही सुमारे सहा आठवड्यांनी अधिक फाटे फुटणारे वाण माजतात आणि टाकी धुवून नव्याने सुरुवात करावी लागते. त्याच देशात बिलिंगहॅम येथे १९८० साली १५ लाख लिटरची प्रचंड टाकी उभारून मिथेनॉलवर जंतू वाढवून पशुखाद्य काढण्यात आले होते. विद्या यशस्वी ठरली, व्यापार बुडाला, कारण तेवढेच प्रथिन सोयाबीनच्या ढेपेतून स्वस्तात मिळत होते. सेलू तालुक्यातील शेतकरी जे पीक पेरतो त्यानेच त्या टाकीस हरविले, असे म्हणावयास हरकत नाही.

बैलाच्या पोटातील अखंड रीत पिढ्यान्‌पिढ्या का टिकली, याचेही उत्तर यातच आहे. बैलास जंतूंचे शरीर हवे असते आणि जंतू ब-१२ बनवितात ते बहुतांशी आपल्याच गरजेसाठी. मालक व कारागीर यांचे हित एक असल्याने कोणास चुकारपणा करून फायदा नाही.

स्पिरुलिना या हिरव्या-निळ्या शेवाळाच्या हौदांची माहिती हल्ली विचारली जाते. हौदातून रोज थोडे शेवाळ गाळून काढावयाचे व पाणी-क्षार पुन्हा भरावयाचे, ही निम-अखंड रीत होय. त्यातील प्रथिने चांगली असतात. मात्र त्यात आढळणारे ब-१२ सारखे द्रव्य बहुतांशी मनुष्यास उपयोगी पडणाऱ्या रूपात नसते. त्या बाबतीत ते दुधाची जागा घेऊ शकत नाही.

गोबरगॅसची टाकी

भारतात जशभाई पटेल यांनी तरंगत्या झाकणाची टाकी प्रचारात आणली व खादी-ग्रामोद्योग आयोगाने १९६० नंतर तिचा प्रसार केला. गॅस देणारे जंतू अतिशय संथ असतात. त्यांस दुप्पट होण्यास कित्येक दिवस लागतात. म्हणून महाराष्ट्राच्या हवामानात शेणकाला टाकीत सुमारे ४० दिवस राहील असे तिचे माप धरतात. रोज ५० किलो शेण व ५० लिटर पाणी म्हणजे अंदाजे १०० लिटर काला. ४० दिवसांस ४००० लिटर. एक किलो शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस धरल्यास यातून रोज २ घनमीटर गॅस मिळतो.

कित्येक ठिकाणी पाहुणे आले किंवा हिवाळ्यात गॅस कमी झाला की दुप्पट काला ओतला जातो, किंवा गोठा धुतलेले सर्व पाणी टाकीत सोडले जाते. त्यामुळे मुक्काम २० दिवसांवर येतो, संथ जंतू वाहून जातात, आम्ल बनविणारे चपळ जंतू मात्र उरतात, आणि गॅस पेटेनासा होतो. ठोंबरा खाल्लेल्या बैलाचीच ही अवस्था होय. अशा वेळी अधिक शेण ओतणे हा उपाय नव्हे. काही दिवस काला घालणे अजिबात बंद करावे. शेजारच्या चालू टाकीतून बाहेर पडलेली स्लरी आठ-दहा बादल्या आणून विरजण म्हणून घालावी. निळी ज्योत पुन्हा स्थिर दिसू लागल्यावर चौथाई मापाने सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत पूर्ण मापावर यावे. मापाची बादली टाकीच्या तोंडाशीच ठेवावी व पाणी त्याच बादलीने घालावे, नळीने नव्हे.